चामड्याचा वास कोणी नेला?

१

चोरी झाली म्हणावं, तर बाटली जागच्या जागी होती. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, बुचावरचं मेण शाबूत होतं. बाटलीच्या अंगाला एक कागदी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि आतला दाट, काळपट अर्क बरोबर शेवटच्या रेघेला टेकून उभा होता.

"मग चोरीला गेलं काय?" सर्व्हेअरबाईंनी विचारलं.

"वास," मोठ्या बाई म्हणाल्या.

सर्व्हेअरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. विमा कंपनीसाठी त्यांनी तीस वर्षं जळलेली गोदामं तपासली होती, आणि न जळता कागदावर जळलेलीही. लोक काय काय हरवल्याचं सांगतात याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. पण वास हरवल्याची तक्रार घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही का हो?" त्या म्हणाल्या. "मला वास येत नाही. अकरा वर्षांपूर्वी ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. आता हे आहे ते नुसतं चष्मा टेकवायला."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "नाकाचा माणूस या खोलीत दहा मिनिटं बसला तरी निम्मं सूत्र हुंगून घेऊन जाईल. मला असा माणूस हवा होता ज्याला इथून काही नेताच येणार नाही."

घ्या! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्या व्यंगासाठी आपल्याला कामावर ठेवतंय. सर्व्हेअरबाईंना हसावं की रागवावं कळेना. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि दोन्ही राहून गेलं.

मोठ्या बाई परफ्यूम बनवायच्या. चाळीस वर्षं. दोन खोल्यांची प्रयोगशाळा, मागे पडद्याआड चहाची जागा, वरच्या मजल्यावर घर. दारावर त्यांच्याच हातचा फलक होता: वासाचा साबण, तेल, पावडर लावून आत येऊ नये. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा रस्त्यावर अपघातात गेला. तो शहरभर पार्सलं पोचवायचा. त्याची चामड्याची खांद्याची पिशवी तेवढी परत आली.

"ती पिशवी मी कापली," मोठ्या बाई म्हणाल्या. "लोक म्हणाले, वेडी झाली. मी कापली, स्पिरिटमध्ये भिजवली, चार महिने ठेवली, मग स्पिरिट उडवून हा अर्क काढला. नऊ वर्षं ती पिशवी शहरभर फिरली होती. बसमधले पट्टे, तापलेलं डांबर, पुलाचे कठडे, लिफ्ट, वर्तमानपत्रं, गर्दी आणि त्याचा घाम, सगळं त्या चामड्यात मुरलं होतं. त्या अर्कावर मी 'वर्दळ' नावाचा परफ्यूम बांधतेय. बाजारात शहराचा वास म्हणून जाईल. माझ्यापुरता तो माझ्या पोराचा आहे."

"आणि आता?"

"आता वास दिवसेंदिवस पातळ होतोय. कोणीतरी अर्क काढून घेतंय आणि तेवढंच स्पिरिट भरतंय. रंग काय, कशानेही आणता येतो." त्यांचा हात बाटलीवरून फिरला. "यात अडतीस ग्रॅम उरलंय. पिशवी संपली. हे गेलं की माझ्याकडे त्याचं काही उरत नाही. शनिवारी सूत्र पक्कं करायचंय, जेवढं उरलंय तेवढं सगळं ओतून. त्याच्या आधी मला चोर हवाय."

"आणि नाही सापडला तर?"

"किल्लीला तिघांचेच हात लागतात. भागीदार, वजन करणारी आणि माझी सून. तिघांनाही शनिवारी दाराबाहेर काढीन."

त्या दिवशी बुधवार होता.

२

भागीदारसाहेब गुबगुबीत होते आणि बोलके होते. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतंच.

"मी चोर? अहो, मी त्या अर्काचं करू काय? पोळीला लावून खाऊ?" ते हसले, मग एकदम गंभीर झाले. "हे बघा, मला 'वर्दळ' बाजारात आणायचाय. लवकर. एक वर्ष झालं, सूत्राचे खर्ड्यावर खर्डे चाललेत. चौतिसावा खर्डा झाला परवा! दुकानदार रोज विचारतात. मी अर्क चोरला तर माझ्याच पायावर धोंडा नाही का?"

"तुम्ही तो हुंगलाय?"

"मला कोण हुंगू देतंय! माझ्या नाकाला मोठ्या बाई शोभेची वस्तू म्हणतात." ते खुर्चीत मागे रेलले. त्यांचे चार केस तेलाने चप्प बसवलेले होते. "पण एक सांगतो, बाई फार मवाळ झाल्यात. पूर्वी दारातून आत पाऊल टाकलं की म्हणायच्या, आज कोणाच्या लग्नाला जाऊन आलात, आधी डोकं धुवून या. आता हे बघा, बायकोनं आणलेलं चमेलीचं तेल. महिनाभर लावतोय. परवा अगदी शेजारी बसून चहा प्यायलो, अवाक्षर काढलं नाही त्यांनी. मुलगा गेला आणि माणूसच विझलं हो."

सर्व्हेअरबाईंनी वहीत लिहिलं: चमेली, एक महिना. का लिहिलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तीस वर्षांची खोड होती ती.

वजन करणाऱ्या बाईला सगळे ग्रॅमताई म्हणत. एकोणीस वर्षं ती त्याच खिडकीपाशी, त्याच काट्यापुढे बसत होती. तिच्यावर आळ आला होता म्हणून तिचे डोळे सुजले होते, पण काट्यावरची काच मात्र लख्ख पुसलेली होती.

"मला वासातलं विचारू नका," ती म्हणाली. "मी तोंडाला फडकं बांधून बसते. इथे बसून हुंगत राहिले तर दुपारपर्यंत डोकं उठेल. मोठ्या बाई चिठ्ठी देतात, मी मापून देते. नाक त्यांचं, काटा माझा."

"अर्क बाटलीतून काढतं कोण?"

"मीच. त्यांच्यासमोर. काढायच्या आधी बाटलीचं वजन, काढल्यावर वजन, मग रेघ. सगळं वहीत आहे." तिने वही पुढे सरकवली. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक आणि सरळ होतं. "एकोणीस वर्षांत एक आकडा चुकला नाही माझा. आणि आता मला चोर म्हणतात!"

सर्व्हेअरबाई आकडे वाचत गेल्या. एकोणिसाव्या खर्ड्यापर्यंत अर्काचं माप जवळजवळ एकच होतं. विसाव्यापासून ते वाढू लागलं. दीडपट, दुप्पट, चौतिसाव्याला सहापट.

"एवढं का वाढलं?"

"अर्कात दम राहिला नाही म्हणतात ना त्या. म्हणून जास्त घालावा लागतो." ग्रॅमताईने आवाज खाली आणला. "एक मात्र सांगते. त्या कपाटाची दुसरी किल्ली सूनबाईंकडे असते. आणि सूनबाई दुपारी सगळे जेवायला गेले की एकट्याच कपाट उघडून बसतात. मी दोनदा पाहिलंय."

३

गुरुवारी दुपारी सर्व्हेअरबाई मोठ्या बाईंसमोर खर्ड्यांची वही उघडून बसल्या. प्रत्येक खर्ड्याशेजारी हुंगायची कागदी पट्टी टाचलेली होती आणि तिच्यावर शेरा होता. 'डांबर कमी.' 'कागद पुढे आलाय.' 'घाम नको, घामाची आठवण हवी.' काय बाई होती! सर्व्हेअरबाईंना वास कळत नव्हता, पण काम जाणणारं माणूस कळत होतं.

विसाव्या पट्टीपासून शेरे आटले. एकच शब्द होता: 'अजून.' पुढच्या पानावर 'अजून.' त्याच्या पुढेही तेच.

"सूनबाई एकटी कपाट उघडते हे तुम्हाला माहीत आहे?"

मोठ्या बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि मग बोलतच सुटल्या. सून तशी गुणाची होती. लेबलं लावायची, बाटल्या भरायची, घरचं सगळं बघायची. मुलगा गेल्यावर माहेरी गेली नाही, इथेच राहिली. पण दुःखाचं काय, ते माणसाला काहीही करायला लावतं. आपल्या नवऱ्याचा वास बाजारात विकायला जातोय हे तिला रुचलं नसेल. तोंडाने कधी बोलली नाही, पण—

"आई!"

दार ढकलून सूनबाई आत आली. वरच्या मजल्यावरून जिना उतरत धावत आली असावी, तिला धाप लागली होती. ती थेट मागच्या चहाच्या जागेत घुसली. गॅस बंद झाल्याचा खटका ऐकू आला, मग पाणी ओतल्याचा चर्र आवाज. पडद्याखालून धूर बाहेर आला तेव्हा कुठे सर्व्हेअरबाईंना कळलं.

सूनबाई हातात काळंठिक्कर भांडं घेऊन उभी राहिली. "दूध कधीचं जळतंय! वर माझ्यापर्यंत वास आला आणि तुम्ही दोघी इथे चार हातांवर—"

ती मधेच थांबली. तिने सर्व्हेअरबाईंकडे पाहिलं, मग सासूकडे. तिच्या तोंडचा रंग उडाला.

"माझीच चूक," सर्व्हेअरबाई म्हणाल्या. "मला कळत नाही गं. माझ्या घरी रोजचं आहे हे."

"आम्ही बोलत होतो," मोठ्या बाई तुटकपणे म्हणाल्या.

भांडं घासायला हात लावावा म्हणून सर्व्हेअरबाई पडद्याआड गेल्या. फळीवर डबे होते, दुधाची पिशवी होती, लोण्याची वाटी होती. एकूण एक वस्तूवर छोटी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख, मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरात. सर्व्हेअरबाई तिथे जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. असल्या चिठ्ठ्या लावणारं दुसरं घर त्यांनी आजवर एकच पाहिलं होतं.

४

शुक्रवारी सकाळी सर्व्हेअरबाई पोचल्या तेव्हा आत रडारड चालली होती. मोठ्या बाईंनी ग्रॅमताईला काढून टाकलं होतं. शनिवारपर्यंतही थांबल्या नव्हत्या.

"काल रात्रभर विचार केला मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाटली हाताळते ही. बाकीच्यांना जमणार नाही ते हिला जमतं. रेघ बरोबर ठेवायची आणि आतला माल बदलायचा."

ग्रॅमताई आपली वही छातीशी धरून उभी होती. भागीदारसाहेबांची पाचावर धारण बसलेली होती, आता आपला नंबर म्हणून. सर्व्हेअरबाई मधे पडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्यांना जाऊ देऊ नका, आई. मी चोरला."

सूनबाई बाटल्यांच्या फडताळापाशी उभी होती. हातात अजून लेबलांचा गठ्ठा होता.

"काय म्हणालीस?"

"निम्मा अर्क मी काढला. मोरीत ओतला. तेवढंच स्पिरिट भरलं." ती पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलत होती. "लोकांच्या अंगाला त्याचा वास यावा हे मला नको होतं. बसमध्ये शेजारी कोणीतरी बसेल, लिफ्टमध्ये कोणीतरी उभं राहील आणि मला... नको होतं मला ते."

मोठ्या बाई उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"तुला घरात ठेवली मी," एवढंच त्या म्हणाल्या.

"हो."

"त्याला मोरीत ओतलंस."

सूनबाईने मान खाली घातली. भागीदारसाहेब सुटकेचा नि:श्वास टाकून म्हणाले, "चला, लागला एकदाचा छडा." सर्व्हेअरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते भिंतीला टेकले.

"मोठ्या बाई, मला एक तास द्या," त्या म्हणाल्या. "आणि ग्रॅमताई, रडणं पुरे. काट्याची काच उघड."

५

बाहेरच्या खोलीत सर्व्हेअरबाई, ग्रॅमताई आणि सूनबाई अशा तिघीच बसल्या. दार लावलेलं होतं. काट्यावर ती काळपट बाटली ठेवली होती.

"शेवटची रेघ मारली तेव्हा वजन किती होतं?"

ग्रॅमताईने वही न बघताच आकडा सांगितला. मग काट्याकडे पाहिलं. आकडा तोच होता, शेवटच्या दशांशापर्यंत.

"आता सूनबाई, तू म्हणतेस निम्मा अर्क काढून स्पिरिट भरलं. स्पिरिट अर्कापेक्षा जड की हलकं?"

ग्रॅमताईच बोलली. "हलकं. बरंच हलकं. निम्मं स्पिरिट असतं तर रेघ तीच राहून वजन घटलं असतं. आणि पाणी म्हणाल तर ते या अर्कात मिसळत नाही, खाली वेगळं दिसलं असतं." बोलता बोलता तिचे डोळे मोठे झाले. "अगंबाई! म्हणजे यात कोणी काही घातलंच नाही. काही काढलंही नाही."

"नाहीच. रेघ बरोबर, वजन बरोबर. बाटलीत पहिल्या दिवशी होतं तेच आजही आहे." सर्व्हेअरबाई सूनबाईकडे वळल्या. "अर्क बदलला नाही, पण वास कमी झाला. मग बदललं काय? बाटलीच्या बाहेरचंच काहीतरी. वासाच्या तेलाने माखलेलं डोकं महिनाभर शेजारी बसतं आणि ज्या बाई दारातून माणूस हाकलायच्या त्या बोलत नाहीत. चार हातांवर दूध जळून कोळसा होतं आणि त्या मान वळवत नाहीत. दुधाच्या पिशवीवर तारखेची चिठ्ठी लावतात. चांगलं नाक असलेलं माणूस हुंगून बघतं गं, चिठ्ठ्या लावत नाही. चिठ्ठ्या मी लावते."

ग्रॅमताईने तोंडावर हात ठेवला.

"तुला कधीपासून माहीत आहे?" सर्व्हेअरबाईंनी विचारलं.

बराच वेळ सूनबाई लेबलांच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत राहिली.

"पाच महिने," ती म्हणाली. "त्याचा एक शर्ट होता. शेवटचा, न धुतलेला. आई तो कपाटात पिशवीत बांधून ठेवायच्या आणि रविवारी काढून हुंगायच्या. एकदा माझ्या हातून तो धुण्यात गेला. साबणात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाळवला, घडी घातली, पिशवीत परत ठेवला आणि रविवारची वाट बघत बसले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील." तिने गठ्ठा बाजूला ठेवला. "त्यांनी शर्ट नाकाला लावला. खूप वेळ धरून बसल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, अजून आहे गं."

काट्याची काच उघडी होती आणि ग्रॅमताईला ती लावायचं भान नव्हतं.

"म्हणून दुपारी कपाट उघडायचीस?"

"बघायला, की खरंच कमी होतोय का. मेण काढून परत तसंच लावायची. माझंच चुकत असेल तर बरं, असं वाटायचं. पण नाही. वास होता तसाच होता." तिने डोळे पुसले. "चोर आहे असं वाटतंय तोवर त्यांना आशा आहे. चोर सापडेल, वास परत मिळेल. नाकच गेलंय कळलं तर त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. त्यापेक्षा मी चोर झालेली काय वाईट?"

सर्व्हेअरबाईंना आपला ताप आठवला. तापातून उठल्यावर त्या कितीतरी महिने साबणवाल्याला, चहावाल्याला, दूधवाल्याला भेसळ करतो म्हणून भांडत होत्या. सगळं जग खोटं झालं असं वाटायचं, आपलं नाक सोडून. आणि ही तर चाळीस वर्षं नाकावर जगलेली बाई. तिने स्वतःच्या नाकावर संशय कसा घ्यावा?

"तू चोर झालीस तर मोठ्या बाई उद्या उरलेला सगळा अर्क ओतणार," सर्व्हेअरबाई म्हणाल्या. "वास आला नाही म्हणून. मग मात्र खरंच काही उरणार नाही. चल ऊठ. हे कोणीतरी सांगायलाच हवं, आणि ते काम माझं आहे."

६

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वजन, रेघ, तेल, दूध. एकदाही अडवलं नाही. सर्व्हेअरबाईंचं बोलणं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ग्रॅमताई, तीन पट्ट्या आण. एक गुलाबाची, एक अर्काची, एक कोरी. कोणती कोणती ते सांगू नकोस."

चाळीस वर्षं त्यांनी इतरांची नाकं अशीच तपासली होती. ग्रॅमताईने पट्ट्या आणून समोर ठेवल्या. मोठ्या बाईंनी पहिली उचलली, नाकाखालून हळूच फिरवली, ठेवली. दुसरी उचलली. तिसरी उचलली. मग परत पहिली.

"तिन्ही कोऱ्या आणल्यास," त्या म्हणाल्या.

"नाही हो बाई," ग्रॅमताई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मोठ्या बाईंनी पट्ट्या एकावर एक नीट रचल्या. भागीदारसाहेब कधी बाहेर निघून गेले ते कोणाला कळलं नाही.

"मला वाटत होतं," मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. "मधूनमधून वाटत होतं. पहाटे जाग यायची आणि वाटायचं. पण चोर असणं सोपं होतं." मग त्या सुनेकडे वळल्या. "शर्ट धुतला होतास?"

सूनबाईने होकारार्थी मान हलवली.

"आणि मी म्हणाले, आहे."

"हो, आई."

"इकडे ये."

सूनबाई जवळ गेली. मोठ्या बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तो तसाच धरून त्यांचा आवाज कामाचा झाला. तेवढंच त्यांना येत होतं, काम करणं.

"चौतीस खर्डे झाले. त्यातला खरा कोणता? तुझं नाक काय म्हणतं?"

"एकोणिसावा," सूनबाई लगेच म्हणाली.

"तो तोच आहे?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय? मला सरळ सांग. काय नाही त्यात?"

सूनबाईने सर्व्हेअरबाईंकडे पाहिलं, ग्रॅमताईकडे पाहिलं. सांगावं की नाही याचा तिला निर्णय होईना. "राहू द्या ना, आई. त्याने मला शपथ घातली होती."

"तंबाखू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझं नाक होतं गं तेव्हा! पहिली सिगारेट ओढून आला त्याच दिवशी कळलं मला. पेपरमिंट खाऊन आला होता वेडा. मी काही बोलले नाही. म्हटलं, मोठा झालाय, आईपासून लपवायला एखादी गोष्ट असू दे त्याला. म्हणून तर सूत्रातही घातला नाही. अर्कातही जेवढा होता तेवढा दाबून टाकला. त्याचं गुपित मी कशाला बाजारात मांडू?"

"तुम्हाला वास येईल म्हणून तो फार घाबरायचा," सूनबाई हलकेच म्हणाली. "काम संपलं तरी लगेच घरी यायचा नाही. तासभर रस्त्याने फिरायचा. वारा लागून वास जाऊ दे म्हणायचा. मी वरून खिडकीतून बघायची. समोरच्या फुटपाथवर इकडून तिकडे, इकडून तिकडे."

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर काय झालं ते सर्व्हेअरबाईंनी पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

"रोज?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"रोज."

"मला वाटायचं, त्याचं काम तेव्हा सुटतं." "नऊ वर्षं, रोज एक तास. समोरच्या फुटपाथवर होता आणि मी आत बसले होते. मला माहीत आहे रे, ये वर, एवढंच म्हणायचं होतं. एवढं एक वाक्य. मी मोठी समजूतदार म्हणून गप्प बसले!"

त्या रडल्या. मुलगा गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, ग्रॅमताईने नंतर सर्व्हेअरबाईंना सांगितलं. तेव्हा त्यांनी कात्री घेतली होती आणि पिशवी कापली होती. आता त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या आणि सूनबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सर्व्हेअरबाई उठून जायला निघाल्या, पण ग्रॅमताईने त्यांचा पदर धरून बसवलं. एकटीने बघवत नव्हतं तिला.

बऱ्याच वेळाने मोठ्या बाईंनी तोंड पुसलं.

"ग्रॅमताई, काटा लाव. एकोणिसावा खर्डा घे. अर्क तेवढाच, एक थेंबही जास्त नको. त्यात तंबाखूच्या पानाचा अर्क, आधी दोन थेंब. मग सूनबाई म्हणेल तसं."

ग्रॅमताईने तोंडाला फडकं बांधलं. ती काट्यापुढे बसली. दोन थेंब पडले. पट्टी बुडवली. सूनबाईने हुंगली आणि नाही म्हणून मान हलवली. अजून एक थेंब. परत मान हलवली. चौथा थेंब पडला आणि ग्रॅमताईने पट्टी पुढे केली.

सूनबाईने ती नाकाजवळ नेली. तिने डोळे मिटले नाहीत. ती दाराकडे बघायला लागली, कोणीतरी आत येऊन चपला काढत असावं तशी, आणि तिच्या तोंडावर आधी हसू आलं, मग हसू तसंच राहून गालांवरून पाणी ओघळलं. पट्टी धरलेला हात तिने खाली केला नाही.

मोठ्या बाईंनी पट्टी मागितली नाही. त्या खुर्ची सरकवून सुनेच्या समोर बसल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, एक क्षणही नजर न हलवता, त्या चेहऱ्यावर जे जे येत होतं ते ते सगळं. खिडकीतून खालच्या रस्त्याचे आवाज येत होते, बस थांबत होती, निघत होती. सूनबाई रडायची थांबली, परत हसली, परत रडली, आणि मोठ्या बाई बघतच होत्या.

"चार थेंब," त्या मान न वळवता ग्रॅमताईला म्हणाल्या. "लिहून ठेव."